सासऱ्यांचं मशीन

प्रफुल्लने आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही, तरी शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या त्या सोसायटीत दुरुस्तीच्या बाबतीत त्याच्याएवढं मोठं नाव दुसऱ्या कोणाचं नव्हतं. संध्याकाळी पतसंस्थेतून आला, चहा झाला, की लेंगा-बनियनवर खाली गेटपाशी उभा राहायचा आणि जो सापडेल त्याला सांगायचा, की आजकालच्या वस्तूंत दम नाही, फेकायची घाई करू नये, दुरुस्त करावं. तळमजल्यावरच्या ललितने जुना फ्रिज भंगारात दिला तेव्हा तर प्रफुल्लने त्याला जिन्यातच अडवला. "आमचं वॉशिंग मशीन बघ," तो म्हणाला, "लग्नातलं आहे, चौऱ्याण्णव सालचं. अजून पळतंय. का? तर वेळच्या वेळी दुरुस्ती." ललित बिचारा मान हलवत उभा राहिला. वर गॅलरीत शुभांगी, म्हणजे प्रफुल्लची बायको, दोरीवर त्याचेच शर्ट वाळत घालत होती. वेळच्या वेळी दुरुस्ती, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि आत निघून गेली.

कारण ते मशीन प्रफुल्लच्या जिवावर पळत नव्हतं. ते पळत होतं सावळीरामांच्या जिवावर. सावळीराम म्हणजे शुभांगीचे वडील. दिंडोरीच्या पुढे त्यांचा छोटासा मळा. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर आणि बांधाला झेंडू. माणूस असा, की बैल आडवा आला तर त्यालाही 'जरा सरक बाबा' म्हणेल. अशा माणसाला विहीण कोण मिळावी, तर सुमनबाई.

लग्नाच्या बैठकीत प्रफुल्लच्या या आईने पदर सावरून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आमचं काही मागणं नाही हो. आम्ही मागणारी माणसंच नव्हे. कपडे तुमच्या मुलीलाच धुवायचेत, तेव्हा तुमच्या मनाला काय वाटेल ते बघा." एवढं बोलून त्या पोह्यांकडे वळल्या. सावळीरामांच्या मनाला जे वाटायला हवं होतं ते बरोबर वाटलं. मांडवात रुखवताशेजारी, चकल्यांच्या आणि कागदी बैलगाडीच्या शेजारी, वॉशिंग मशीन उभं राहिलं. दोन टपांचं, एकात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. झाकणावर दिंडोरीच्या पेंटरकडून लाल रंगात नाव घालून घेतलं होतं, 'चि. सौ. कां. शुभांगी हिस वडिलांकडून सप्रेम भेट'. वऱ्हाडातल्या बायका झाकण उघडून आत वाकून बघत होत्या आणि सुमनबाई शेजारी उभ्या राहून, जणू त्यांनीच ते बनवलंय अशा थाटात, सांगत होत्या की पाणी याच नळीतून जातं.

आता खरी गंमत पुढे आहे. प्रफुल्लच्या घरात या मशीनला दोन नावं होती. चालू असलं की 'आमचं मशीन' आणि बंद पडलं की 'मामांचं मशीन'. मामा म्हणजे सासरे. पहिल्यांदा त्याची पाणी सोडायची नळी फुटली आणि न्हाणीघरात तळं साचलं, तेव्हा शुभांगीला वाटलं, नवरा आता कोपऱ्यावरच्या दुकानातून नळी आणेल. प्रफुल्लने पाण्यातून टाचांवर चालत जाऊन दाढीचं सामान तेवढं आणलं आणि आईला म्हणाला, "मामांना निरोप धाडायला हवा." सुमनबाई म्हणाल्या, "हो तर. त्यांची वस्तू, त्यांना विचारल्याशिवाय हात कसा लावायचा?" शुभांगीला आधी वाटलं हे थट्टा करताहेत. पण प्रफुल्ल थट्टा करणारा माणूस नव्हता. थट्टेला थोडी अक्कल लागते.

दिंडोरीच्या किराणा दुकानात फोन गेला, दुकानदाराने मळ्यात निरोप पोचवला आणि सावळीराम एसटीने मिस्तरी घेऊन हजर झाले. हातात टोमॅटोची पिशवी, खाली मेथीच्या जुड्या. आल्या आल्या त्यांनी हात जोडले. "जावईबापू, तरास झाला तुमाला. लय दिवस टिकलं म्हणायचं, आता हाय, मशीन हाय ते, बिघडायचंच." जसं काही त्यांनीच रात्री येऊन ते फोडलं होतं. प्रफुल्ल खुर्चीत पेपर वाचत बसला होता. मिस्तरीने आणि सावळीरामांनी मशीन ओढत त्याच्यासमोरून नेलं, तेव्हा त्याने पाय तेवढे वर घेतले. मशीन पुढे गेल्यावर परत खाली ठेवले. शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या वर घेतलेल्या पायांकडे बघून तिला जे वाटलं ते नवऱ्याबद्दल बायकोला वाटू नये, पण वाटलं, आणि त्यानंतर ते कधी गेलंच नाही.

मग हे सुरूच झालं. कधी पट्टा तुटायचा, कधी पिळायचा टप नुसता थरथरायचा, कधी घड्याळाची कळ फिरायचीच नाही. दर वेळी फोन, दर वेळी एसटी, दर वेळी टोमॅटो. दुरुस्ती झाली की प्रफुल्ल मागे हात बांधून मशीनभोवती एक फेरी मारायचा, झाकण उघडून बंद करायचा आणि "आवाज जरा येतोय, मामा" असं म्हणायचा. मिस्तरी परत गुडघ्यावर बसायचा. बापाच्या कपाळावरचा घाम बघून शुभांगी तांब्याभर पाणी नेऊन द्यायची. संध्याकाळी हाच प्रफुल्ल खाली गेटपाशी जाऊन दुरुस्तीचं महत्त्व सांगायचा.

एकदा तिने स्वतःच करून बघितलं. ब्लाउज शिवून तिच्याकडे थोडंफार साठायचं, त्यातून द्वारकेवरचा एक मिस्तरी तिने परस्पर बोलावला. त्याने पट्टा बदलला, चहा घेतला आणि गेला. कामाला इतका कमी वेळ लागला की तिला हसूच आलं. संध्याकाळी घरात सुतक. सुमनबाई जेवल्या नाहीत. प्रफुल्ल हळू आवाजात, समजूतदारपणाचा आव आणून म्हणाला, "शुभांगी, मामांना काय वाटेल याचा विचार केलास? त्यांची वस्तू तू परक्या माणसाला उघडायला दिलीस. त्यांच्या प्रेमाचा अपमान आहे हा." फुकटेपणाला प्रेमाचं कापड गुंडाळायची ही कला त्याच्याकडे उपजत होती.

सगळ्यात वाईट म्हणजे सावळीरामांनाही ते पटायचं. "त्यांचं बरोबर हाय, शुभे," ते फोनवर म्हणाले, "आपण दिल्याली वस्तू, आपणच बघावी. सोयरिकीत मान असतो." मान म्हणे. शुभांगीने फोन ठेवून दिला.

अशी दहा वर्षं गेली. दोन हजार चार साल आलं, अधिक श्रावण लागायच्या बेतात होता आणि मशीनची मोटर जळाली. घरभर वास. नेहमीप्रमाणे सावळीराम मिस्तरी घेऊन आले. आता ते जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबत होते. मिस्तरीने मागचं झाकण काढलं, मोटर खाली उतरवली, हुंगली आणि सांगितलं, "वाइंडिंग करून घेऊ. अजून तीन-चार वर्षं बघायला नको."

सावळीरामांचा चेहरा खुलला. पण प्रफुल्लने पेपर घडी करून बाजूला ठेवला. पेपर खाली ठेवला म्हणजे काहीतरी खर्चिक येणार, हे शुभांगीला अनुभवाने माहीत होतं.

"किती दिवस ठिगळं लावायची, मामा?" तो म्हणाला. "दुरुस्तीलाही काही मर्यादा असते. आता फुल्ली ऑटोमॅटिक निघालीत. एका टपात सगळं. बदललेलंच बरं."

हे तोंड कोणाचं? ज्या तोंडाने ललितला फ्रिजवरून जिन्यात झापलं तेच. शुभांगीला क्षणभर वाटलं, चला, दहा वर्षांनी का होईना, माणूस खिशात हात घालतोय. पण प्रफुल्लचा हात खिशाकडे गेला नाही, कॅलेंडरकडे गेला.

"अधिक महिना येतोच आहे," तो म्हणाला.

सुमनबाईंनी तो धागा लगेच उचलला. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचंच असतं. मग अनारशांच्या जोडीला दुसरं काही शोधत बसण्यापेक्षा हेच बरं. उपयोगाची वस्तू. आमचं मागणं नाही हो काही."

"आणि कोरीच द्या, मामा," प्रफुल्ल म्हणाला. "वाणात वापरलेलं चालत नाही. शास्त्र आहे ते. उगीच जुन्यावर मोटर बसवून देऊ नका."

सावळीराम हातात जळकी मोटर धरून उभे होते. "तुमी म्हणाल तसं, जावईबापू," ते म्हणाले. मोटर कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ती पिशवीत, रिकाम्या झालेल्या टोमॅटोच्या पिशवीत ठेवली.

शुभांगीला जे ठाऊक होतं ते त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. तिची आई आक्काबाई विहिरीवरच्या दगडावर कपडे धूत धूत म्हातारी झाली होती. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती, साधा पिळा घालता येत नव्हता. लुगडं तसंच निथळत दोरीवर टाकायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत शुभांगी माहेरी गेली तेव्हा सावळीरामांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, की यंदा टोमॅटो निघाले की तुझ्या आईला मशीन घेतो, पुरं झालं आता. आक्काबाई त्यावर नुसती लाजली होती. नवऱ्याने आपल्याला काही घेऊन द्यावं, याची तिला सवयच नव्हती. आता मळ्यात टोमॅटो निघाले होते आणि मशीन येणारच होतं. फक्त ते कोणाच्या अंगावरचे कपडे धुणार, तेवढंच बदललं होतं.

धोंड्याच्या जेवणाला शुभांगी आदल्या दिवशीच माहेरी गेली, अनारशांना मदत म्हणून. ओट्यावर नवं मशीन उभं होतं. खोक्यातून बाहेर काढलेलं, अंगावर प्लॅस्टिक तसंच, झाकणावर हळद-कुंकवाची बोटं उमटवलेली. आत चुलीपुढे आक्काबाई वाकड्या बोटांनी खसखशीवर अनारसे थापत होती.

"दादा, हे आईचं होतं ना?" शुभांगीने विचारलं.

"तिचं काय," सावळीराम म्हणाले, "तिला सवय हाय."

वाईट मनाने नाही म्हणाले. आजवर त्यांनी कोणाबद्दलच काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं. पण आक्काबाईचं बोट खसखशीवर थांबलं आणि मग परत थापायला लागलं, ते शुभांगीने बघितलं. प्रफुल्लचे वर घेतलेले पाय बघून झालेला संताप या संतापापुढे काहीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळीराम व्याह्यांना आणायला दिंडोरीच्या स्टँडवर गेले. इकडे शुभांगीने पदर खोचला आणि मशीनवरचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. टाकीच्या नळाला नळी जोडली, खांबावरच्या बोर्डात पिन घातली. मग मोरीतला मळक्या कपड्यांचा बोळा आणला. सावळीरामांचे फवारणीच्या वेळचे कपडे, कोपरापर्यंत चिखल वाळलेले सदरे, आईचं गोठ्यातलं लुगडं, टोमॅटो पुसायची फडकी. सगळं एकदम आत कोंबलं, साबणाची पूड लोटली आणि बटण दाबलं. मशीन आधी जरासं अडखळलं, मग फिरायला लागलं.

आवाज ऐकून आक्काबाई बाहेर आली. तिने मशीनकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. आक्काबाईला काही सांगायची गरज नव्हती; वाण कोरं लागतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. शुभांगीला वाटलं, आई आता कपाळावर हात मारून घेईल. आक्काबाई आत गेली आणि गोधडीची मळकी खोळ घेऊन आली.

"ही बी टाक," ती म्हणाली.

पाहुणे आले तेव्हा मशीनमधलं गढूळ पाणी ओट्यावरून वाहत झेंडूच्या वाफ्यात चाललं होतं आणि दोरीवर लुगडं फडफडत होतं, नीट पिळलेलं. प्रफुल्ल नवा शर्ट घालून आला होता. त्याने लांबूनच मशीन बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. सुमनबाईंच्या पायाखाली मात्र पाणी आलं. त्यांनी साडी वर धरली, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. बोटाला माती लागली.

"कोणाचे कपडे धुतले यात?"

"घरातले," शुभांगी म्हणाली. "दादांचे फवारणीचे आणि आईचं गोठ्यातलं लुगडं."

सावळीराम अंगणातच उभे राहिले. त्यांचं तोंड उतरलं. "शुभे, काय केलं हे," एवढंच ते म्हणाले.

"हे वाण?" सुमनबाई म्हणाल्या. "गोठ्यातली लुगडी धुतलेली वस्तू माझ्या मुलाला? अधिक महिन्यात? अहो, आम्ही काय वापरलेलं घेणारी माणसं वाटलो तुम्हाला?"

"आई, पुसून घेतलं तर..." प्रफुल्ल हळूच म्हणाला. "एकदाच तर वापरलंय. चालेल तसं."

"गप बस रे. शास्त्र तूच सांगितलंस ना? मला नाही चालत." सुमनबाईंनी हात झटकला. व्याह्यांना चारचौघांत खाली बघायला लावायची संधी त्यांनी जन्मात सोडली नव्हती, मग तीत मुलाचं मशीन गेलं तरी बेहत्तर. प्रफुल्लने मशीनकडे एकदा बघितलं, आईकडे एकदा बघितलं आणि पाटावर जाऊन बसला. त्याच्याने दुसरं होण्यासारखं काही नव्हतं. वाकड्या बोटांनी आक्काबाईने त्याच्या पायावर पाणी घातलं, अनारशांचं ताट हातात दिलं. पुरणाचे धोंडे मात्र त्याने अपमान सोसून पोटभर खाल्ले, वर तूप मागून घेतलं.

निघताना सावळीराम स्टँडपर्यंत आले. गाडी लागल्यावर त्यांनी जावयापुढे हात जोडले. "राग धरू नका, जावईबापू. पोरगी येडी हाय. जुनं मशीन मी करून देतो. सोमवारी मोटर घेऊन येतो, मिस्तरीला घेऊन."

"बघा, मामा," प्रफुल्ल खिडकीतून म्हणाला. "तुमची वस्तू आहे."

शुभांगीने बापाकडे बघितलं. आईचं मशीन आईकडे राहिलं, पण हा माणूस काही सुटायला तयार नव्हता. दहा वर्षं तिने नवऱ्याचा तिरस्कार केला होता. तो सोपा होता, जेवणासारखा रोजचा. बापाच्या जोडलेल्या हातांचा तिरस्कार त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि तो तिला गिळता येईना.

"दादा, येऊ नका," ती म्हणाली. "आलात तर मी दार उघडणार नाही."

सावळीराम हसले. "बापाला दार उघडणार नाय म्हणे."

सोमवारी ते आले. प्रफुल्ल पतसंस्थेत होता, सुमनबाई बाहेर गेल्या होत्या. शुभांगीने कुकर लावला होता. जिन्यावर पावलं वाजली, वळणावर थांबली, परत वाजली. मिस्तरीने मोटर खाली टेकवल्याचा आवाज आला. मग कडी वाजली.

"शुभे, मी हाय."

ती दारामागे येऊन उभी राहिली. हात कडीपाशी गेला. इतक्या जवळ, की फळीपलीकडे बापाला लागलेली धाप तिला ऐकू येत होती. हात तिने तिथेच दाबून धरला. उघडलं, की हात जोडलेले दिसणार, टोमॅटोची पिशवी दिसणार आणि पुढची दहा वर्षं दिसणार. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती.

कडी परत वाजली नाही. आत कुकरने शिट्टी दिली, लांबलचक, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशी.

"चल," सावळीराम मिस्तरीला म्हणाले. "घरात कोणी नाय."